मेंटॉरशिपमधून सॉफ्टवेअर शिकताना : भूम तालुक्यातून सहा महिन्यांचा अनुभव

भूमची_लेक

नमस्कार मंडळी. गावात राहून कोडिंग शिकता येतं का, असं इथं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माझा मेंटॉरशिप प्रोग्रॅम (अनुभवी माणसाच्या मार्गदर्शनाखाली शिकायचा) नुकताच संपला आहे, सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातली. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालं आणि मग दीड वर्ष घरीच होते. वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र आहे. सकाळी आणि संध्याकाळी दुधाची फॅट मोजायला मी मशीनवर बसायचे, मधल्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. व्हिडिओ मी शेकड्यानं बघितले असतील. बघताना सगळं कळायचं. बंद करून स्वतः लिहायला घेतलं की पहिल्या ओळीपुढं हात चालायचा नाही. पदवी घेऊनही आपल्याला काही येत नाही याची खूप लाज वाटायची, आणि ती कुणाला सांगताही यायची नाही.

प्रोग्रॅमचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. आपल्याच भागातून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या काही जणांनी तो चालवलाय. फी नाही. एका शिकणाऱ्यामागं एक मेंटॉर, आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉल, सहा महिने. बाकीचे सहा दिवस आपले आपण. मेंटॉर शिकवत नाही, हे मला पहिल्या कॉललाच कळलं.

माझ्या मेंटॉर मूळच्या परभणीकडच्या. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, ताई म्हण. पायथन किती येतं, जावा येतं का, असलं प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं काही त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात रोज हातानं होणारा असा कोणता हिशोब आहे, की ज्यात चूक झाली तर भांडण होतं?"

आमच्याकडं त्याचं उत्तर एकच, दुधाचं दहा दिवसांचं बिल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : प्रत्येक शेतकऱ्याचं दूध दोन वेळा येतं. लिटर मोजायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघायचा, दरपत्रकात त्या फॅट-एसएनएफला जो दर असेल त्यानं गुणायचं, चिठ्ठी द्यायची. दहा दिवसांच्या वीस चिठ्ठ्या होतात. त्यांच्या बेरजेतून पशुखाद्याची आणि उचलीची कपात करून उरलेले पैसे द्यायचे. वडील हे सगळं मोठ्या वहीत करतात. बिलाच्या आदल्या रात्री आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मी दोन आठवड्यांत प्रोग्रॅम लिहिला. चालला. फार आनंद झाला. वडिलांच्या वहीशी ताडून बघितलं तर बहुतेक बिलं जुळली, पण एका आजीच्या बिलात ४ पैशांचा फरक आला. मला वाटलं, ४ पैसे म्हणजे काही नाही, चालेल. ताईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या आजींना चालेल का?"

आजी वीसच्या वीस चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवतात. नातवाकडून बेरीज करून घेतात. त्यांना चालणार नव्हतं.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. ताईंनी चूक दाखवली नाही. एवढंच म्हणाल्या की पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघ. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. मी थक्क झाले. संगणक दशांश आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, आणि ०.१ बायनरीत नेमका मावतच नाही, म्हणून तो जवळचा आकडा ठेवतो. हे कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याचा संबंध आमच्या दुधाच्या बिलाशी आहे हे त्या दिवशी कळलं. मग मी दर रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात साठवायला लागले.

तरी फरक गेला नाही! पुढच्या कॉलला ताईंनी विचारलं, "वडील वहीत बेरीज कशाची करतात?" मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "चिठ्ठीवरच्या आकड्याची, अजून कशाची?" तिथं होती खरी चूक. ६.३ लिटरला ३३.८५ चा दर लावला तर २१३.२५५ येतात. चिठ्ठीवर अर्धा पैसा लिहिता येत नाही, म्हणून वडील २१३.२६ लिहितात. माझा प्रोग्रॅम मात्र आतल्या आत २१३.२५५ धरायचा आणि वीस चिठ्ठ्यांची बेरीज झाल्यावर शेवटी एकदाच राउंड, म्हणजे जवळच्या पूर्ण पैशावर करायचा. वीस वेळा अर्धा-पाव पैसा इकडं-तिकडं झाला की ४ पैसे होतात.

त्यात आणखी एक गोष्ट. पायथनमध्ये २.५ ला राउंड केलं तर २ येतं आणि ३.५ ला केलं तर ४. बरोबर मध्ये असलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडं नेतो. वडिलांचा नियम वेगळा, अर्धा किंवा जास्त असेल तर वर. त्यासाठी पायथनच्या डेसिमल मॉड्यूलमध्ये (दशांश हिशोबाच्या तयार कोडमध्ये) राउंड हाफ अप असा पर्याय आहे, तो वापरावा लागला. मी प्रत्येक चिठ्ठी आधी वडिलांच्या नियमानं राउंड केली आणि मग बेरीज केली. सगळी बिलं जुळली. त्या रात्री वडिलांनी वही मिटून ठेवली आणि माझ्या स्क्रीनकडं बघत बसले.

कुठल्याही व्हिडिओत मला हे मिळालं नसतं. व्हिडिओ करणाऱ्याला आमच्या आजींची पिशवी माहीत नाही. आपल्या मराठवाड्यात शिकायचं साहित्य कमी नाही, डेटा पॅकही स्वस्त झालेत. फक्त आपण लिहिलेलं दर आठवड्याला वाचणारा आणि त्यावर प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्याकडं नसतो.

लाईट आणि रेंजचं पण लिहिते, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर. ताईंनी पहिल्याच महिन्यात गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकायला लावलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या लायनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये तिच्याच कामासाठी ते बनवलं. त्याचा मोठा गुण असा की प्रोजेक्टचा पूर्ण इतिहास आपल्याच मशीनवर असतो, त्यामुळं कमिट करायला, म्हणजे बदलाची नोंद करायला, इंटरनेट लागत नाही. मी दिवसभर खाली बसून कमिट करायचे आणि संध्याकाळचं दूध झालं की गच्चीवर जाऊन पुश करायचे, म्हणजे त्या नोंदी इंटरनेटवर चढवायचे. लाईट गेली तर वहीवर पेनानं लॉजिक लिहायचे. त्या वहीचा फार उपयोग झाला.

तुम्हीही लिहा. कुणाला वेगळा अनुभव आला असेल तर तोही लिहा.

गोदाकाठ

ताई, वाचून भरून आलं. मी नांदेडचा, बारा वर्षं पुण्यात नोकरीला आहे आणि गेली तीन वर्षं अशाच एका प्रोग्रॅममध्ये मेंटॉर म्हणून बसतो. पलीकडच्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

आपल्या पोरांची सगळ्यात मोठी अडचण "हो सर" ही आहे. समजलं का? हो सर. काही अडलं का? नाही सर. आणि पुढच्या आठवड्यात कोड उघडला की रिकामी फाईल. पोरगं आळशी नसतं. सरांना उलट प्रश्न विचारला तर उद्धटपणा दिसतो, असं लहानपणापासून त्याच्या अंगात भिनलेलं असतं. माझ्याही होतं. पहिल्या नोकरीत मी तीन दिवस एका साध्या एररवर अडकून बसलो होतो आणि शेजारच्याला विचारलं नाही. शेवटी त्यानंच येऊन बघितलं, पाच मिनिटांत झालं.

म्हणून मी पहिल्या कॉलला सांगतो की सर म्हणायचं नाही, दादा म्हण. आणि अडलं की तीन ओळी लिहून पाठव : काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. तिसऱ्या ओळीत एरर जशीच्या तशी चिकटवायची. मोबाईलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवायचा नाही. पायथनच्या एररमध्ये मुख्य गोष्ट सर्वांत खालच्या ओळीत असते, पोरं वरून वाचायला लागतात आणि घाबरतात. खालून वर वाचा.

या तीन ओळी लिहितानाच निम्म्या पोरांना उत्तर सापडतं. मग मेसेज येतो, "दादा, झालं." तो मेसेज वाचायला मला फार आवडतं.

बोलणं मराठीत असावं, याबद्दलही माझं मत ठाम आहे. एका मुलीला मी इंग्रजीत समजावत होतो, तिला लूपमधली (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमधली) चूक कळेना. शेवटी म्हटलं, रांगेत उभ्या माणसांना एकेक लाडू वाटायचाय, शेवटचा माणूस राहिला, का राहिला? तिनं लगेच सांगितलं, मोजणी शून्यापासून सुरू झाली आणि मी एक आधीच थांबले. कमिट मेसेज मात्र मी इंग्रजीत लिहायला लावतो, रोज एक ओळ. सहा महिन्यांत दीडशे ओळी होतात, आणि मुलाखतीत लागणारं इंग्रजी बरंचसं तिथंच तयार होतं.

औसेकर

नमस्कार. मी शेतकरी आहे, लातूर जिल्ह्यातला. कोडिंगमधलं मला काही कळत नाही, पण माझं पोरगं बीसीए झालंय. पुण्यातल्या एका क्लासवाल्यानं सांगितलंय की सहा महिन्यांत प्लेसमेंटची गॅरंटी. फी १ लाख २० हजार. सोयाबीन विकून निम्मे भरतो म्हटलं तर ते म्हणाले, रोख कशाला, हप्त्यानं भरा, कागदावर पोराची सही लागंल. पोरगं मागं लागलंय. तुमचं हे फुकटाचं वाचून प्रश्न पडला, की ज्याला कुणी पैसे घेत नाही त्याचा भरवसा काय धरायचा? राग मानू नका, लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

लातूर_ते_हिंजवडी

काका, राग कशाचा. तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. सही करायच्या आधी माझं ऐका.

मी चार वर्षांपूर्वी असाच एक क्लास केला. नाव घेत नाही. तो "हप्ता" म्हणजे क्लासचा हप्ता नसतो. ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, पोराच्या नावावर. क्लासला पूर्ण पैसे आधीच मिळून जातात. उद्या शिकवणं आवडलं नाही, मधे सोडलं, क्लास बंद पडला, तरी ईएमआय चालूच राहतो. चुकला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होतो, आणि पुढं पोराला घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागायला गेलं की ते आडवं येतं. माझ्या बॅचमध्ये साठ जण होते, सर एकच. माझा कोड सहा महिन्यांत कुणी एकदाही उघडून बघितला नाही.

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. कोर्स संपल्यावर नोकरी लागेना, तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की दोन वर्षांचा अनुभव दाखवा, पत्र आम्ही देतो, वेगळे पैसे पडतील. म्हणजे फेक एक्सपिरियन्स. माझ्यासोबतच्या दोघांनी घेतलं. कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, त्यात पीएफचा यूएएन नंबर मागतात, तो नोकरी बदलली तरी तोच राहतो. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते स्पष्ट दिसतं. दोघांपैकी एकाला रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात काढलं. त्याच्या आईनं गावात पेढे वाटले होते. ते पोरगं वर्षभर गावाकडं गेलं नाही.

काका, पैसे घेणारे सगळे वाईट असं मी म्हणत नाही. फीच्या आधी चार गोष्टी विचारा. पोराचा कोड कोण वाचणार आणि आठवड्यातून किती वेळा? एका माणसामागं पोरं किती? मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी आम्हाला स्वतः बोलू द्याल का? सहीच्या कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव काय आहे? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

फुकटवाल्यांचा भरवसाही असाच तपासायचा. पैसे घेत नाहीत म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं करू नका.

औसेकर

पोराला बसवून वाचून दाखवलं. सही थांबवली. उद्या फोन करून हे चारही प्रश्न विचारतो. देव भलं करो तुमचं.

परभणी_जंक्शन

मेंटॉर मिळेपर्यंत काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, लिनक्स वगैरेचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. ते धडे ऐकत शेजारी स्वतः करून बघायचं अशा पद्धतीनंच बनवलेत. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांनी इथून सुरू करा. फ्रीकोडकॅम्प ही साइट २०१४ पासून मोफत चालू आहे, वेब शिकायला चांगलं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स थोडा कठीण, पण त्याच्या गणितांनी डोकं घडतं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स बघणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. आणि एक्सरसिझम नावाची साइट आहे. तिथं सोडवलेलं उदाहरण खरा माणूस वाचतो आणि सुचवण्या देतो, तेही पैसे न घेता. मला तिथं पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की तू व्हेरिएबलला (कोडमध्ये आकडे साठवायच्या जागांना) नावं नीट देत नाहीस. कॉलेजच्या तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

जालन्याहून

सगळं पटलं, पण एक शंका. चॅटजीपीटी हे एआय येऊन बरेच दिवस झाले, नोव्हेंबर २०२२ पासून आहे ते. दुधाचं बिल त्याला सांगितलं तर दोन मिनिटांत प्रोग्रॅम देतं. मग सहा महिने कशासाठी? माझी बहीण हाच प्रश्न विचारते आणि माझ्याकडं उत्तर नाही.

भूमची_लेक

मीही ताईंना हेच विचारलं होतं. त्यांचा नियम असा होता की पहिले दोन महिने वापरायचं नाही. नंतर वापर, पण फाईलमधल्या कुठल्याही ओळीवर मी बोट ठेवलं तर ती तिथं का आहे हे तुला सांगता आलं पाहिजे.

चौथ्या महिन्यात मी करून बघितलं. दुधाच्या बिलाचा प्रोग्रॅम मागितला. त्यानं छान, नीटनेटका कोड दिला, आणि त्यात माझीच जुनी चूक होती, बेरीज करून शेवटी राउंड. चिठ्ठीवरच्या आकड्याची बेरीज होते हे त्याला मी सांगितलंच नव्हतं ना. सांगितल्यावर त्यानं लगेच बदलून दिलं. पण ते सांगायचं असतं हे मला आजींच्या ४ पैशांमुळं माहीत होतं. तुमच्या बहिणीला म्हणावं, एक हिशोब स्वतः चुकवून बघ, मग हवं ते वापर.

नोकरीचं दोघांनी मेसेजमध्ये विचारलंय. मला लागली ती वाळूजच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, संभाजीनगरातच. सध्या पगार १८ हजार. मुलाखतीत त्यांनी दुधाचाच प्रोग्रॅम उघडायला लावला आणि पाऊण तास त्यावरच बोलले. घरून आधी विरोध होता. वडीलच आईला म्हणाले, जाऊ दे तिला, माझं बिल आता मशीन करतंय.

कयाधू_काठ

नमस्कार ताई. मी हिंगोली जिल्ह्यातला, बीए दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरचा विद्यार्थी नाही. विचारू का नको असं चाललं होतं. गोदाकाठ दादांनी सांगितल्यासारख्या तीन ओळी लिहितो.

काय करायचं होतं : काकांच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशोब, नांगरटीला किती डिझेल गेलं आणि किती रुपये झाले.
काय केलं : पायथनमध्ये नावं मराठीतच दिली, लिटर आणि दर, आणि दोन्हींचा गुणाकार छापला. कॉलेजच्या जुन्या पीसीवर पायथन ३.८ आहे.
काय झालं : सगळ्यात खालची ओळ अशी आहे, नेमएरर, नेम 'लीटर' इज नॉट डिफाइन्ड, म्हणजे लीटर हे नाव कुठं दिलेलंच नाही. पण मी तर लिटर वरच लिहिलंय.

भूमची_लेक

विचारलंत ते फार चांगलं केलं, आणि अगदी नीट विचारलंत. आता एररमधला शब्द आणि तुम्ही वर दिलेलं नाव एकाखाली एक वहीत लिहा. अक्षर-अक्षर जुळवा.

कयाधू_काठ

सापडलं! वर पहिली वेलांटी आहे आणि गुणाकारात दुसरी पडली. पायथनला ते दोन वेगळे शब्द. आता चालतंय, ३ लिटरचे पैसे बरोबर आले. ताई, अजून एक. एकाच फेरीत दोघांची रानं नांगरली तर डिझेल कसं वाटायचं?

भूमची_लेक

काका कसं वाटतात?

कयाधू_काठ

एकराप्रमाणे. पण ओढ्याकडचं रान चिबड आहे, तिथं ट्रॅक्टर जड जातो. त्याला एकरी एक लिटर जादा धरतात.

भूमची_लेक

मग आधी हेच मराठीत वहीवर लिहून काढा, काकांना वाचून दाखवा, आणि ते हो म्हणाले की कोडला हात लावा. अडलं की इथंच तीन ओळी टाका. मी संध्याकाळी सातनंतर असते.